खालच्या गावाची बारी

डोक्यावरची टोपी काढायची, गुडघ्यावर झटकायची, परत डोक्यावर ठेवायची आणि म्हणायचं, "ठरलं." एवढं झालं की आमच्या सभापतींशी वाद घालण्यात राम नसे. साक्षात ब्रह्मदेव समोर आला असता तर त्यालाही त्यांनी "बसा, च्या घ्या" म्हणून चहा पाजला असता, पण ठरलेलं बदललं नसतं. तुमच्याही गावात असा एखादा हट्टी माणूस असेलच. नगरपालिका म्हटली की असा एक तरी लागतोच, नाहीतर सभा वेळेवर संपतील की हो!

आमच्या नगरपालिकेच्या दिवाबत्ती समितीचे ते सभापती. नदीकाठी त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, कांदा, उन्हाळ्यात काकडी. समितीवर निवडून आल्यापासून सगळं गाव त्यांना सभापतीच म्हणायला लागलं. बायकोसुद्धा. मी गावच्या पॉवर हाउसवर इंजिन ड्रायव्हर होतो. मूळचा मी बीबी नावाच्या गावचा, पोटासाठी मलकापूरच्या बाजूच्या या गावात आलो आणि इथलाच झालो. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंकोरं होतं आणि वीज त्याहून नवी होती.

पॉवर हाउस म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड आणि आत एक डिझेल इंजिन. त्याच्यावर रस्त्यावरचे दिवे, नदीपात्रातल्या विहिरीवरचा पाण्याचा पंप, पिठाच्या गिरण्या आणि शेठजींची तेलगिरणी, एवढं सगळं चाले. सभापती रोज सकाळी मंडईत भाजी पोचवून शेडमध्ये यायचे. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा इंजिनावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "काय डायवर, खाल्लं का यानं?"

"खाल्लं. तुमच्या बैलापेक्षा जास्तच खातं."

"खाऊ द्या. कामाचं जनावर हाय."

विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. त्यांना एकच गोष्ट पक्की माहीत होती, ती म्हणजे पाणी. त्यामुळे विजेचं सगळं गणित ते पाण्यावरून मांडायचे. आमच्या गावापासून नदीच्या खालच्या अंगाला दुसरं एक गाव आहे. आम्ही त्याला खालचं गाव म्हणतो, आणि म्हणताना नाक थोडं वर करतो. बैलबाजार कोणाचा मोठा, कुस्तीत कोणी कोणाला पाडलं, यावरून दोन्ही गावांचं पूर्वापार वाकडं. एकाचं इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याने वीज द्यावी म्हणून या दोन गावांमध्ये विजेची तार ओढली, तेव्हा सभापतींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डायवर, उतार हाय. जरा आवरून सोडा. नाई तं सगळी त्याईच्याकडंच वाहून जाईन."

मी स्वभावाने तापट. तरीही त्या दिवशी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं, की वीज उताराने वाहत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हाव, समजलं," म्हणाले. "तरीबी आवरूनच सोडा."

मग मोठी लाइन आली. सातपुड्याच्या पलीकडे, दुसऱ्या राज्यात मोठं वीजघर होतं. तिथून डोंगर ओलांडून तारा आमच्याकडे आल्या. सरकारचे इंजिनियर आले, मांडव पडला, हार झाले, भाषणं झाली. आता वीज कधी जाणार नाही, ही डबडी इंजिनं भंगारात काढा, असं जो तो म्हणू लागला. खालच्या गावाने तर लाइन सुरू झाल्याबरोबर आपलं इंजिन विकूनही टाकलं. तिथल्या दिवाबत्तीचं बघणारे एक रिटायर झालेले गुरुजी होते. त्यांनी आमच्या सभापतींना भर मांडवात टोमणा मारला, "काय सभापती, मोटार आली तरी तुम्ही बैलबंडीच जपणार का?"

सभापतींनी गुरुजींकडे पाहिलंही नाही. ते सरळ इंजिनियरसाहेबांकडे गेले. "साहेब, एक इचारू? तिकडं त्याईच्या राज्यात कमी पडली, तं पयले कोनाची तोडतीन? त्याईची का आपली?"

साहेब तरुण होते, भले होते. त्यांनी आधी कराराचं सांगितलं. दोन राज्यांचा लेखी करार आहे, कोणी कोणाची वीज अशी तोडू शकत नाही, वगैरे. सभापती नुसते बघत उभे. शेवटी साहेब हसले आणि म्हणाले, "खरं सांगू का? अगदीच अडचण आली तर आधी तुमचीच तोडतील. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं."

सभापती इतके खूश झाले की साहेबांचा हात धरून मळ्यात घेऊन गेले, तिथे त्यांना वांग्याचं भरीत, भाकर आणि ठेचा खाऊ घातला. ठेच्याने साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तर म्हणाले, "खरं बोलनाराले जरा तिखट लागतेच." संध्याकाळी सभेत टोपी गुडघ्यावर झटकली आणि इंजिन विकायचं नाही, असं जाहीर केलं. मला मात्र त्या बंद इंजिनाला तेलपाणी करत बसावं लागलं. म्हातारा बैल गोठ्यात बांधून त्याला चारा घालण्यासारखं ते काम होतं आणि मी त्या काळात त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

पुढे एका वर्षी पाऊस जेमतेम झाला. उन्हाळा लागला तशा विहिरी तळाला गेल्या. सभापतींच्या मळ्यातली विहीरही आटली, काकडीचे वेल जागेवर वाळले. आणि नेमकी तेव्हाच डोंगरापलीकडून बातमी आली, की त्यांचंच त्यांना पुरेना झालंय, तुम्ही तुमचं बघा. लाइन मेली. करार कुठल्यातरी कपाटात सुखरूप होता.

आमचं इंजिन धडधडायला लागलं आणि गावात पेढे वाटावेत तसा आनंद झाला. खालच्या गावात काळोख, आमच्याकडे दिवे! लोक माळावर उभे राहून तिकडे बोटं दाखवून हसत होते. खरं सांगतो, मीही हसलो. सभापती तेवढे हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "डायवर, त्याईचा नदीतल्या विहिरीवरचा पंप कशावर चालते?"

"विजेवरच."

"मंग ते पीत काय असतीन?"

 खालच्या गावातल्या आडांना पाणी राहिलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. एकाच इंजिनावर दोन्ही गावांचा भार घेतला तर इंजिन बसेल आणि दोन्ही गावं तहानेने मरतील, हेही मला माहीत होतं. मी ते त्यांना तोंडावर सांगितलं.

"दोघाईचं एकदम कोन म्हन्ते?" ते म्हणाले. "बारी लावा."

ही बारी म्हणजे काय, ते सांगायला हवं. सभापतींच्या मळ्यातली विहीर भावकीत सामाईक होती. एकाचा मळा भिजला की मोट दुसऱ्याकडे. त्यात त्यांच्या घराण्याचे दोन नियम होते. बारी बदलताना घेणाऱ्याने स्वतः विहिरीवर हजर राहायचं, देणाऱ्याने त्याच्या तोंडावर "घ्या" म्हणायचं. लांबून ओरडून, पोराला पाठवून चालायचं नाही. म्हणजे मागाहून भांडण नको. आणि दुसरा नियम, बारी चालू असताना मोट फाटली, नाडा तुटला, तर दुरुस्तीनंतर ज्याची बारी मोडली त्याची आधी पुरी करायची, मग पुढच्याची.

नगरपालिकेच्या सभेत हे मांडलं तेव्हा शेठजी ताडकन उठले. त्यांची तेलगिरणी दिवसाचा बराच वेळ बंद ठेवावी लागणार होती. "गावचं इंजिन, गावचं डिझेल, अन् पानी शेजाऱ्याले? काऊन?"

सभापती म्हणाले, "डोंगरापल्याडच्याईनं आपल्याले तोडलं, तवा आपुन काय म्हनलं? लोकं वाईट हायेत, म्हनलं. आता आपुन खालच्याईले तोडलं, तं ते काय म्हनतीन?"

"म्हनू द्या ना!"

"नाई म्हनू देत," सभापती म्हणाले. टोपी निघाली, झटकली, चढली.

शेठजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. सभापतींची थोरली लेक खालच्या गावात दिलेली होती. दुसऱ्या दिवशी चावडीपासून मंडईपर्यंत एकच चर्चा, लेकीचा नळ चालावा म्हणून बाप गावचं इंजिन झिजवतोय. सभापतींच्या कानावर आलं. त्यांनी काही न बोलता बंडी जुंपली, खालच्या गावी गेले, लेकीला तिच्या लेकरांसकट बंडीत घातलं आणि नगरपालिकेच्या दारात आणून उभी केली. "घ्या! आता त्या गावात माह्यं कोनी नाई. आता बोला!"

लेक अशी भडकली म्हणता! "बाबा, मी का वांग्याचं टोपलं हाय, इकडून उचललं अन् तिकडं ठेवलं? माह्या सासूले भाकर कोन टाकून देईन?" मागोमाग सासूबाई सुनेला न्यायला म्हणून आल्या आणि व्याह्यांच्या घरचं जेवण आवडल्यामुळे त्याही राहिल्या. पाण्याची एवढी ओढाताण असताना सभापतींच्या घरात तोंडं वाढली. त्यांची बायको कपाळावर हात मारून घेई. पण गावातली ती चर्चा मात्र थांबली.

बारी सुरू झाली. सकाळी खालच्या गावाचा पंप, मग आमचा, मग गिरण्यांना जमलं तेवढं. नियमाप्रमाणे खालच्या गावचा माणूस रोज आमच्या शेडमध्ये हजर पाहिजे. आले कोण? गुरुजी. सायकलवर, डोक्याला ओला पंचा बांधून. शेडमध्ये एकच बाक होतं. एका टोकाला सभापती, दुसऱ्या टोकाला गुरुजी, मध्ये आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा. दोघांत बोलणं कसलं नाही. वेळ झाली की सभापती म्हणत, "घ्या." गुरुजी म्हणत, "घेतलं." मी स्विच टाके. परत देताना गुरुजी म्हणत, "घ्या." बस्स. लग्नात रुसलेले दोन व्याही परवडले, असा तो मामला होता. मी वैतागून एकदा म्हणालो, "अहो, इंजिनाचा एवढा आवाज आहे, त्यात भांडलात तरी कोणाला ऐकू जाणार नाही. भांडा तरी!" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तेलाचं डबडं घेऊन इंजिनामागे गेलो.

आणि एके दिवशी, खालच्या गावाची बारी चालू असतानाच, इंजिन बसलं. मी ज्याची भीती घातली होती तेच झालं. मलकापूरहून मिस्त्री येईपर्यंत, सामान मिळेपर्यंत, दोन्ही गावांच्या टाक्या कोरड्या ठणठणीत पडल्या. दुसऱ्या दिवशी भर उन्हात इंजिन एकदाचं धडधडलं, तर शेडच्या दारात आमच्या गावच्या बाया हंडे-घागरी घेऊन उभ्या. त्यांच्या पुढे शेठजी. आणि सगळ्यांत पुढे, कमरेवर रिकामी घागर घेऊन, सभापतींची बायको.

"टाका स्विच, डायवर," शेठजी म्हणाले. "आपल्या पंपाचा."

"थांबा," सभापती बाकावरून उठले. "बारी मोडली ते त्याईची मोडली. पयले त्याईची पुरी होईन."

शेडमध्ये इंजिनापेक्षा मोठा गलका झाला. कोणी म्हणालं, त्यांच्याचपायी इंजिन बसलं. आणि ते खोटं नव्हतं. सभापतींची बायको पुढे आली. ती कधी चारचौघांत नवऱ्याशी बोलत नसे. "सभापती," ती म्हणाली, "घरी घोटभर पानी नाई. तुमच्या मायचे ओठ वाळले. लेकीचं लहानगं रडून राह्यलं. पायता काय माह्याकडं? घरच्याईले मारता का आता?"

मी त्या माणसाचा चेहरा पाहिला. दाढीचे खुंट वाढलेले, ओठांना पापुद्रे. दोन दिवस स्वतः पाण्याला शिवला होता की नाही, देव जाणे. हात टोपीकडे गेला आणि तसाच थांबला.  मग म्हणाले, "हाव. मले दिसून राह्यलं. पन आज मी आपलं पयले घेतलं, तं उद्या बारी कशाची अन् काय कशाची? जो इंजिनापाशी तो पिईन, बाकीचे मरतीन. अन् आपुनबी कोनाच्या तरी खालीच हावो ना?"

 तेवढ्यात गुरुजी उठले. बाकाचं टोक सोडून ते मधोमध येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आमची मोडलेली बारी अर्धीच घेतो. अर्धी तुम्ही घ्या."

आता कोणीही शहाणा माणूस "बरं" म्हणाला असता. सभापती उसळले. "अर्धी काऊन? भीक देऊन राह्यले का? पुरी घ्या!"

"आमची आहे ना? मग आम्ही द्यायची की नाही, ते आम्ही ठरवू!"

"पुरी घ्या म्हन्तो ना!"

"नाही घेत, जा!"

इतके दिवस एका बाकावर मुके बसलेले ते दोन म्हातारे, पाणी तू घे म्हणून एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते, आणि तहानलेल्या बाया आ वासून बघत होत्या. मग मात्र माझं टाळकं सटकलं. मी ओरडलो, "अहो, इंजिन चालू आहे! डिझेल जळतंय! अर्धी तर अर्धी, पण कोणीतरी 'घ्या' म्हणा!"

"घ्या," सभापती पुटपुटले. मी खालच्या गावाचा स्विच टाकला. एकही बाई दारातून हलली नाही, पण एकही बाई पुढे आली नाही. त्यांची अर्धी बारी झाली आणि गुरुजी आमच्याकडे वळून "घ्या" म्हणाले, तेव्हा शेडबाहेरच्या नळाला पाणी यायला जरा वेळ लागला. सभापतींच्या बायकोची घागर पहिली भरली. तिने पहिला तांब्या गुरुजींना दिला, दुसरा मला. नवऱ्याने हात पुढे केला तर म्हणाली, "तुमची बारी सगळ्याईच्या मांगं." आणि सगळ्या बाया, त्या तसल्या उन्हात, पोट धरून हसल्या. सभापतीही हसले. ओठ फुटून रक्त आलं तरी हसत राहिले.

पावसाळ्याच्या तोंडाशी लाइन परत आली. त्यानंतर निवडणूक आली. शेठजी सभापतींच्या विरोधात उभे राहिले आणि प्रत्येक कोपऱ्यावर एकच वाक्य बोलले, "ज्यानं आपल्या बायकोले तहानलेलं ठेवलं, तो तुमाले काय पाजन?" वाक्य फक्कड होतं. सभापती स्वतः ते ऐकून म्हणाले, "बरं जुळवलं बेट्यानं." आणि पडले. शेठजी दिवाबत्तीचे सभापती झाले. लोकांच्या जिभेवरून मात्र जुन्यांचं 'सभापती' काही निघालं नाही.

निकालानंतर मी मळ्यात गेलो. ते मेथीच्या वाफ्यात बसले होते. मला गोडगोड बोलता येत नाही. सरळ विचारलं, "वाईट वाटलं?"

"हाव, वाटलं ना. न वाटाले मी का दगड हाय?" मेथी उपटत म्हणाले, "पडलो त्याचं नाई एवढं. पन येत्या उन्हायात पुन्हा लाइन गेली तं? शेठजी खालच्याईले तोडतीन का हो, डायवर?"

"ते मला काय विचारता? शेठजींना विचारा."

"तेबी खरंच," म्हणाले आणि मेथीची एक जुडी बांधून माझ्या हातात दिली.

त्या हिवाळ्यात, ऐन थंडीत गव्हाला पाणी देताना, त्यांना छातीत कफ झाला आणि ते गेले. दुखणं असं फार झालंच नाही. अंत्ययात्रेला खालचं गाव झाडून आलं होतं. गुरुजी माझ्या शेजारी चालत होते आणि लहान मुलासारखे हुंदके देत होते.

उन्हाळा आला. लाइन पुन्हा गेली. मी इंजिन चालू केलं आणि मनाशी पक्कं केलं, की शेठजींनी खालच्या गावाची तार तोडायला सांगितली तर चाव्या त्यांच्या हातात द्यायच्या आणि बीबीला निघून जायचं. सकाळी शेठजी आले. पांढरं शुभ्र धोतर, कपाळाला गंध, चेहरा गिरणी बंद पडलेल्या माणसाचा असतो तसा. मी स्विचजवळ उभा.

"पाहून काय राह्यले?" ते खेकसले. "सकायची बारी खालच्या गावाची ना? त्याईचा मानूस आला का?"

"अजून नाही."

"मंग थांबा. तो आल्याबिगर कसं देता?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांना ते बोचलं असावं.

"माह्याकडं काय पायता? मले का हौस हाय? माह्यी गिरनी बंद हाय, माह्या जिवाले माहीत. पन काल सांजच्याले बाया घरी आल्या होत्या. माह्यी बायकोबी त्याईच्यातच. म्हने, बारी मोडली तं याद राखा." असं म्हणून ते फणकाऱ्याने बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

थोड्या वेळाने गुरुजी सायकलवरून उतरले, घाम पुसत आत आले. शेठजींनी मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "घ्या."

मी स्विच टाकला. ज्याने हे बघायला पाहिजे होतं तो माणूस नव्हता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इंजिनाच्या त्या आवाजात माझं रडणं दोघांनाही ऐकू गेलं नाही.